सहा पोरांमधला एक: क्योकुतेन्हो

1992 सालचा मंगोलिया डोळ्यांसमोर आणा. सोव्हिएत मदत बंद झालेली, कारखाने ठप्प, दुकानं रिकामी. अशा वेळी टोकियोच्या ओशिमा या सुमो तालमीचे वस्ताद पोरं निवडायला मंगोलियात पोचले. ते स्वतः एके काळचे ओझेकी, म्हणजे वरून दुसऱ्या पदावरचे मल्ल, नाव असाहिकुनी. त्यांनी सहा पोरं निवडली आणि जपानला नेली. त्याआधी व्यावसायिक सुमोत एकही मंगोलियन नव्हता. त्या सहांत नालाइख या खाणकामगारांच्या गावचा सतरा वर्षांचा त्सेवेग्न्याम होता. पुढे त्याचं आखाड्यातलं नाव झालं क्योकुतेन्हो.

कुस्ती त्यांच्या रक्तात होती हे खरं, पण ती वेगळी कुस्ती. मंगोलियात लढतात माळावर. मैदानाला कड नाही, त्यामुळे प्रतिस्पर्ध्याला बाहेर ढकलण्याचा प्रश्नच येत नाही. हाताचा पंजा जमिनीला टेकला तरी चालतं. सुमोत साडेचार मीटर व्यासाचं रिंगण. तळपाय सोडून काहीही टेकलं किंवा पाय रिंगणाबाहेर पडला, की संपलं. वजनी गट मात्र दोन्हीकडे नाहीत.

त्यात तालमीतलं आयुष्य. आपल्याकडे तालमीत राहिलेल्यांना ते थोडंफार ओळखीचं वाटेल: पहाटे उठायचं, झाडायचं, मोठ्या मल्लांची कामं करायची, रांधायचं आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं जेवायचं. ज्युर्यो या वरून दुसऱ्या विभागात पोचेपर्यंत पगार नाही. भाषेचा तर एक शब्द कळत नाही. सहा महिन्यांत सहांपैकी बहुतेक जण पळाले आणि टोकियोतल्या मंगोलियन वकिलातीत जाऊन बसले. त्यांत क्योकुतेन्होही होता. तो तर थेट मायदेशी परतला. वस्ताद त्याच्यामागे मंगोलियात गेले आणि समजूत घालून त्याला परत घेऊन आले. पळालेल्या पोरासाठी परदेशी जाणारा वस्ताद विरळाच.

त्याच तुकडीतला क्योकुशूझान आधी चमकला. 1996 मध्ये सर्वोच्च विभागात, म्हणजे माकुउचीत पोचलेला तो पहिला मंगोलियन. त्याचे चमत्कारिक डाव पाहून जपानी लोक त्याला ‘डावांच्या डिपार्टमेंट स्टोअरची मंगोलिया शाखा’ म्हणत. क्योकुतेन्हो त्याच्यानंतर, जानेवारी 1998 मध्ये तिथे आला. त्याच्या खेळात चमत्कार नव्हता. उंची 191 सेंटिमीटर, हात लांब. कमरपट्टा पकडायचा आणि शांतपणे रेटत न्यायचं. खरं सांगायचं, तर त्याच्या बऱ्याच लढती पाहायला कंटाळवाण्या आहेत. पण असा मल्ल टिकतो.

पुढची वर्षं भराभर सांगतो. सेकिवाके, म्हणजे वरून तिसरं पद, एवढीच त्याची मजल. 2005 मध्ये त्याने जपानी नागरिकत्व घेतलं आणि आडनाव घेतलं वस्तादांचं, ओता. नागरिकत्वामागे हिशेबही होता: त्याशिवाय निवृत्तीनंतर सुमो संघटनेत वस्ताद होता येत नाही. मल्लांना गाडी चालवायची बंदी आहे. ती मोडून 2007 मध्ये त्याने अपघात केला. एका स्पर्धेची बंदी आली आणि तो खालच्या विभागात घसरला. तिथून परत वर आला.

आता मे 2012. वस्तादांची पासष्टी झाली, नियमाप्रमाणे निवृत्ती. ओशिमा तालीम क्योकुतेन्होच्या ताब्यात जाऊ शकत होती, पण वस्ताद व्हायचं तर लढणं सोडावं लागलं असतं. त्याने लढणं निवडलं. तालीम बंद पडली, मल्ल तोमोझुना तालमीत गेले. लगेचच्या स्पर्धेत हा सदतीस वर्षांचा गडी, क्रमवारीत बराच खाली, पहिल्या पाच दिवसांत तीन लढती हरला आणि नंतरच्या सगळ्या जिंकला. योकोझुना, म्हणजे सर्वोच्च पदावरचा मल्ल, मंगोलियाचाच हाकुहो पाच हरला. ओझेकी किसेनोसातो आघाडी घेऊन ढेपाळला. शेवटच्या दिवशी कोतोओशूने माघार घेतली, त्यामुळे तोचिओझानला आयता विजय मिळाला. क्योकुतेन्हो आणि तोचिओझान, दोघांचे पंधरापैकी बारा-बारा विजय झाले. मग निर्णायक लढत झाली. दोन माएगाशिरांमध्ये, म्हणजे पदाधिकाऱ्यांच्या खालच्या मल्लांमध्ये, अशी लढत पूर्वी कधी झाली नव्हती. क्योकुतेन्होने मागे सरकत तोचिओझानला खाली दाबलं.

स्पर्धा सोपी पडली, असं म्हणणारे तेव्हाही होते आणि ते चुकीचे नाहीत. बारा विजयांवर चषक रोज मिळत नाही. पण इतकी वर्षं टिकून राहिला म्हणून तर ती संधी आली तेव्हा तो तिथे होता! उघड्या मोटारीतून मिरवणूक निघाली, तेव्हा शेजारी झेंडा धरून बसला होता हाकुहो. योकोझुनाने खालच्या मल्लाचा झेंडा धरायचा, हे सुमोत सहसा घडत नाही. पण पंधरा वर्षांचा, जेमतेम बासष्ट किलोचा हाकुहो जपानमध्ये आला, तेव्हा कुठलीच तालीम त्याला घेईना आणि क्योकुशूझाननेच शब्द टाकला होता. पहिल्या तुकडीचं ऋण त्याला ठाऊक होतं.

2015 मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, क्योकुतेन्हो थांबला. माकुउचीत 1470 लढती, हा तेव्हाचा विक्रम. 2017 मध्ये त्याने तोमोझुना तालीम हाती घेतली आणि तालमीचा प्रमुख झालेला पहिला मंगोलियन ठरला. 2022 पासून त्या तालमीचं नाव ओशिमा आहे. मात्र आता नियम असा, की एका तालमीत परदेशात जन्मलेला एकच मल्ल घेता येतो, आणि 2010 पासून नागरिकत्व बदललं तरी त्यातून सुटका नाही. म्हणजे आज कुणी मंगोलियातून सहा पोरं आणायची ठरवली, तर त्यांना सहा वेगवेगळ्या तालमींत विखरावं लागेल.