भिंतीतलं बिऱ्हाड

अध्यक्षमहाराज आणि वाचनालयाच्या मंडळींनो, पत्रिकेवर विषय छापलाय ‘घरातील कीटक आणि आपण’. ‘आपण’पर्यंत पोचायला वेळ उरतो का, ते बघू. बेळगावात व्यासपीठावर चढून सीमेबद्दल न बोललेला वक्ता 1956 पासून दुर्मिळच. मीही सीमेबद्दलच बोलणार, पण घराच्या भिंतीच्या. तिच्या पोटात कोण कुठल्या भाषेचं राहतं, हे अजून कुठल्या आयोगानं विचारलेलं नाही. (हशा)

खानापूरकडचं आमचं जुनं घर. जोतं चिऱ्याचं, वर मातीच्या भिंती, कौलं. पावसाळ्याआधी पोपडे काढायला गवंडी लावला होता. माडीच्या खिडकीजवळ त्याची थापी मुठीएवढ्या मातीच्या गोळ्याला लागली, गोळा फुटला आणि तो ओरडला, “सर, हे काय वो? आत कोळीच कोळी हाईत की!” बघतो तर बोटाएवढे कप्पे, त्यांत ठासून भरलेले कोळी. कुणी हिरवट, कुणी करडा, एकाचं पोट टपोरं. काडीनं टोचलं तर एकाचा पाय किंचित हलला. शेजारच्या कप्प्यात कोळी संपलेले. एक गुबगुबीत पांढरी अळी आणि भोवती पायांचे तुकडे.

हे काम कुंभारणीचं, म्हणजे मातीचं घर बांधणाऱ्या, गांधीलमाशीच्या नात्यातल्या माशीचं. तुमच्यापैकी किती जणांनी लहानपणी तिचं घर काठीनं पाडलंय, ते विचारत नाही. नळाजवळच्या चिखलाची गोळी उचलायची, गुणगुणत थापायची, कप्पा झाला की शिकारीला जायचं. कोळ्याला नांगी मारून ती लुळा करते, जिवे मारत नाही. मेलेला कोळी सडेल, अळी उपाशी राहील. कप्प्यातल्या एका कोळ्यावर एक अंडं घालायचं, कप्पा भरला की तोंड लिंपायचं, संपलं. पोराचं तोंडसुद्धा बघत नाही. आणि स्वतः बाई फुलांतला मध पिते, शुद्ध शाकाहारी! आमच्या नात्यात असे एक गृहस्थ आहेत, पण आज त्यांच्या घरचेच पुढं बसलेत, म्हणून राहू दे.

तर हे सगळं बघायला एक कंत्राटदार आले. नाव सांगत नाही, गाव लहान आहे. म्हणाले, “सगळं खरवडा, सिमेंटचा गिलावा मारा, एक किडा यायचा नाही.” थोरल्या बंधूंना पटलं. भिंत आरशासारखी गुळगुळीत झाली, कुंभारीण गेली, देवांच्या फोटोमागचा तो मोठा चपटा कोळी गेला. जाळं न विणता रात्री झुरळं पकडणारा. त्याची मादी अंड्यांची पांढरी चकती पोटाखाली धरून फिरते आणि आमच्या वहिनी तिला बघून माजघर सोडायच्या. आता वहिनी खूश, आणि झुरळंही खूश! पुढच्या पावसाळ्यानंतर गिलावा फुगला, ठोकला तर पोकळ वाजायला लागला. चौकटीवर वाळवीची मातीची नळी चढलेली.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे ‘आपण’ आता घाईनंच.

कणकुंबी-जांबोटीच्या पट्ट्यातला पाऊस मातीची भिंत दरवर्षी पिते आणि उन्हाळ्यात वाळते. वरून सिमेंट लिंपलं की ओल आत कोंडते, भिंतीत टेकलेली वाशांची टोकं भिजत राहतात, लाकूड मऊ पडतं. आपल्याकडची वाळवी बहुतेक जमिनीतच राहते. भिंत तिचा नुसता रस्ता. अंग नाजूक, उघड्यावर सुकून मरते, म्हणून नळी बांधून येते. तिला ओल हवी, आणि ती आपणच पुरवतो. पहिल्या पावसात दिव्याभोवती वाळवीचेच पंखवाले किडे उडतात, त्यांच्यावर फवारा मारून काही होत नाही. वारूळ खालीच असतं.

म्हणून मातीच्या भिंतीला माती किंवा चुन्याचा गिलावा करा. पागोळीचं पाणी जोत्यापासून लांब काढा. जळण भिंतीला लावून रचू नका. कोळ्यांना झाडू दाखवायच्या आधी झुरळांचा विचार करा. आणि नळी दिसली की सगळी पुसू नका, बोटभर खरवडून ठेवा. एकदोन दिवसांत परत लिंपली गेली तर वाळवी आत चालू आहे, मग जाणत्याला बोलवा. कंत्राटदाराला नव्हे.

पालीबद्दल कुणी विचारणार असेल तर बाहेर चहाला भेटा, अध्यक्ष घड्याळ बघताहेत.