खंड्याची पालखी

नमस्कार मंडळी. घरातला कुत्रा नाहीतर मांजर गेलं की त्याच्या आठवणीला दारात एखादं झाड लावावं वाटतं, पाऊस सुरू झालाय, तर ते कसं लावायचं ते बघू. पण आधी खंड्या. सातारकरांना माहितीय, तरी सांगणार, कारण मला सांगायला लई आवडतं.

खंड्या म्हणजे थोरल्या शाहू महाराजांचा, शिवरायांच्या नातवाचा कुत्रा. शिकारीत वाघ अंगावर आला तेव्हा ह्यानं महाराजांचा जीव वाचवला असं सांगतात. मग काय, महाराजांनी कुत्र्याला जहागीर दिली, पालखीचा मान दिला, तोंडी नाही हां, सनद काढून! आणि पालखी म्हटली की भोई आलेच. साताऱ्याला इंग्रजांचा रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफनं त्याच्या 1826 च्या मराठ्यांच्या इतिहासात अजून भारी लिहिलंय, एक सरदार फार नटूनथटून भेटायला यायचा होता, तर महाराजांनी भर दरबारात कुत्र्याला जरीचे कपडे, दागिने चढवले आणि वर स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली. ती पगडी महाराजांनी परत कधी घातली नाही म्हणे. आता बोला! चौकाचौकात स्वतःचे फ्लेक्स लावणाऱ्यांनी हे जरा ऐकावं. साताऱ्याजवळ संगम माहुलीला महाराजांची समाधी आहे आणि खंड्याचीही आहे, जाऊन बघा.

तर झाड. मी पारिजातक सांगेन, ऊन पाहिजे आणि मुळाशी पाणी साचायला नको एवढंच त्याचं म्हणणं. आपली कृष्णाकाठची काळी माती पाणी धरते, म्हणून मुरूम आणि शेणखत मिसळा. जनावर पुरायचं तर खड्डा तीन फूट तरी पाहिजे, परत सांगतो, तीन फूट, नाहीतर भटकी कुत्री रात्रीत उकरतात. विहिरीपासून, बोअरपासून लांब. रोप बरोबर वर नको, हात-दीड हात बाजूला लावा, वरची माती नंतर खचते. दहन केलं असेल तर राख मूठभरच, तीही मातीत कालवून, नुसती मुळाशी ओतली तर रोप जळतं. आणि अंगणात सगळीकडे पेव्हर ब्लॉक बसवलेत त्यांनी काय करायचं? चार ब्लॉक उचकटायचे, अजून काय!

घरात दुसरं कुत्रं-मांजर असेल तर कण्हेर नको, सायकस नको, दोन्ही विषारी. मांजर असेल तर लिलीपण नको.