शेजारच्या घरात येणारं मूल

मंडळी, एकटं मूल पटकन ओळखू येत नाही, कारण ते कुणाला त्रास देत नाही. हट्ट करत नाही, आपलं आपलं खेळतं. घरचे कौतुकानं म्हणतात, 'किती शहाणं आहे!' मला मात्र अशा अति शहाण्या मुलांची काळजी वाटते.

असं मूल शेजारी पहिल्यांदा जातं ते काहीतरी निमित्त काढून. चेंडू इकडे आला का? खोडरबर आहे का? खोडरबर त्याच्या दप्तरातच असतं, आणि शेजारच्या काकूंनाही ते ठाऊक असतं. त्या काहीच बोलत नाहीत, 'ये, बस' म्हणतात. पुढे कधीतरी ते निमित्ताशिवाय येऊ लागतं.

रॉबर्ट वाइस या समाजशास्त्रज्ञानं 1973 मध्ये एकटेपणाचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले. एक, आपला असा गोतावळा नसणं. दुसरा, जिवाभावाचं माणूस नसणं. एकाची उणीव दुसऱ्यानं भरून निघत नाही, असं त्यांचं म्हणणं. दिवसभर क्लास आणि शिबिरांत असलेलं मूलही एकटं का असू शकतं, ते यावरून कळतं. शेजारच्या घरात त्याला कधीकधी दोन्ही मिळतं: भांडायला भावंडं आणि ऐकून घेणारी काकू.

भांडणाचं मी मुद्दाम म्हणतो. ज्या घरात दोनच माणसं असतात, किंवा आवाज चढला की दिवसच्या दिवस अबोला असतो, तिथल्या मुलाला राग म्हणजे सगळं संपलं असं वाटतं. शेजारी ते पाहतं, की ताई आणि दादा कडाडून भांडले, आणि थोड्या वेळानं एकाच पंगतीला बसून हसताहेत. हे त्याला कुणी समजावून सांगत नाही, ते बघून शिकतं. आणि ज्या दिवशी काकू घरच्या मुलांबरोबर त्यालाही ओरडतात, 'चपला नीट ठेव रे, कपड्यांच्या घड्या घालायला लाग', त्या दिवशी त्याचं पाहुणेपण संपतं. त्या ओरडण्यानं मूल किती सुखावतं!

एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी हवाई बेटांपैकी कावाई इथं 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा पुढे चाळिशीपर्यंत मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं, पालकांचे मानसिक आजार अशा अनेक अडचणींत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं सक्षम, मायाळू माणसं झाली. त्यांच्या आयुष्यात घरातलं किंवा बाहेरचं निदान एक तरी भरवशाचं माणूस होतं. कुणाची आजी, कुणाच्या शिक्षिका, कुणाचे शेजारी.

आईवडिलांना यात कमीपणा वाटतो, 'आमच्यात काय उणं आहे?' असा प्रश्न पडतो. उणं काही नसतं. मुलाला जास्त माणसं लागतात, एवढंच. तुम्हीही त्या घरी जा, ओळख वाढवा. मूल कुठे आहे, कुणाबरोबर आहे हे तुम्हाला माहीत असायलाच हवं. शेजाऱ्यांनीही त्याच्या घरच्या गोष्टी खोदून विचारू नयेत; ते आपणहून बोललं तर ऐकावं.

शेजारी घर बदलतात तेव्हाचं तर फारच कमी बोललं जातं. मोठी माणसं सामानाच्या गडबडीत असतात आणि मुलाला टेम्पो दारात आल्यावर कळतं. कृपा करून त्याला आधी सांगा. सामान बांधताना हाताशी घ्या, रडलं तर रडू द्या. आणि नवा पत्ता, फोन नंबर त्याच्या पालकांना द्याच, पण एका कागदावर लिहून त्याच्याही हातात द्या.