ठेका नसलेली दोन मिनिटं

श्रोतेहो, नमस्कार.

हाउस, टेक्नो, ड्रम अँड बास या नाचाच्या संगीतात आता अल्बमला काही अर्थ उरलाय का, असं मला सारखं विचारलं जातं. माझं उत्तर ठाम आहे: उरलाय, आणि आज तर पूर्वीपेक्षा जास्त.

खरं तर हे संगीत वाढलं ते सिंगलवर, म्हणजे एकेका गाण्याच्या सुट्या तबकडीवर. एलपीच्या, म्हणजे अख्खा अल्बम मावणाऱ्या तबकडीच्या, एका बाजूत वीस-बावीस मिनिटं बसवायची तर खाचा दाटीवाटीने कोराव्या लागतात आणि आवाज दबतो. तेवढ्याच १२ इंची तबकडीवर एकच गाणं ठेवलं की खाचा ऐसपैस होतात, बास छातीत घुमतो. १९७६ साली अमेरिकेत सालसोल कंपनीने अशी सिंगल सर्वसामान्य ग्राहकांसाठी बाजारात आणली आणि डीजेंना हवं ते हत्यार मिळालं.

असा एखादा ट्रॅक नीट ऐकून बघा. मिनिटाला १२८ ठोके, चार ठोक्यांचा एक बार, आणि सुरुवातीचे ३२ बार नुसता किक ड्रम (खालचा जड ठोका) आणि हाय-हॅट (झांजांची जोडी). हिशोब केला तर बरोबर एक मिनिट होतं! घरी बसून ऐकणाऱ्याला ते कंटाळवाणं वाटेल, पण ते त्याच्यासाठी नसतंच. डीजेने एका कानाला हेडफोन लावून आधीच्या ट्रॅकशी लय जुळवावी, म्हणून ठेवलेली ती मूठ आहे. म्हणजे हा ट्रॅक मुद्दाम अर्धा सोडलेला असतो. त्याच्या आधी काय, नंतर काय, हे दुसराच कुणीतरी ठरवणार.

स्ट्रीमिंगने त्यात भर घातली. स्पॉटिफायवर ३० सेकंद वाजलं की एक ऐकणं मोजलं जातं. मग सुरुवात छाटा, गळा लवकर आणा, दर महिन्याला नवीन सिंगल सोडा. क्रम आता प्लेलिस्ट ठरवते.

मग संगीतकाराच्या हातात राहिलं काय? माझ्या मते, फक्त अल्बम. १९९५ साली ड्रम अँड बासवाल्या गोल्डीने 'टाइमलेस' हा अल्बम काढला, तो सुरूच होतो एकवीस मिनिटांच्या ट्रॅकने. एवढा ऐवज सिंगलमध्ये मावणारच नाही.

पण माझा जीव जडलाय तो बरियल या इंग्लिश संगीतकाराच्या २००७ सालच्या 'अनट्रू' या अल्बमवर. त्याने ठोके सीक्वेन्सरच्या, म्हणजे ठोके आखीव अंतरावर मांडणाऱ्या यंत्राच्या, चौकटीत बसवलेच नाहीत. साउंड फोर्ज या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ध्वनिलहरीकडे बघत, नजरेच्या अंदाजाने ते मांडले. म्हणून त्याचा ठेका किंचित अडखळत, माणसासारखा चालतो. मागे तबकडीची खरखर, पावसासारखी सरसर. आणि मधेच काही ट्रॅक असे, की त्यांत ठेकाच नाही. नुसता एक विरत जाणारा गळा. रात्री हेडफोन लावून चालताना तिथे माझी पावलं आपोआप मंदावतात. मग पुढच्या ट्रॅकचा पहिला ठोका पडतो, आणि लांबलेल्या आलापानंतर सम सापडावी तसं होतं.

नुसत्या सिंगल्सची मोळी बांधून वर अल्बमचं लेबल लावलेलंही पुष्कळ निघतं. त्यासाठी मी भांडणार नाही. मी भांडतोय त्या ठेका नसलेल्या दोन मिनिटांसाठी. ऐन रंगात आलेल्या फ्लोअरवर कुठला डीजे ती लावणार? आणि सिंगल म्हणून तरी ती कोण काढणार?