बादली कोण उचलणार?

(महिला मंडळाच्या हळदीकुंकवाला एका फिजिओथेरपिस्टने दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

पत्रिकेवर विषय छापलाय, 'सिझरनंतरचे सहा महिने'. तिकडे मी येणारच आहे. पण आधी बादलीबद्दल बोलू द्या.

इथे कितीजणींचं सिझर झालंय? हात वर करा. बघा, पहिली रांग जवळजवळ सगळीच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात दर चार बाळंतपणांमागे एक सिझर निघालं. बरं, घरी सोडताना तुम्हाला काय सांगितलं होतं?

(सभागृहातून : "जड उचलू नका.")

बरोब्बर. आणि जड म्हटल्यावर डोळ्यांपुढे काय येतं? सिलिंडर, गव्हाचं पोतं. बादली कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. अहो, एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. अंघोळीची भरलेली बादली पंधरा-वीस किलोंची. आम्ही सांगतो, पहिले सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नका. बाळ असतं तीन किलोंचं! पिळायच्या आधीची ओली चादर, डाळ-भाताने भरलेला मोठा कुकर, पिण्याच्या पाण्याची कळशी, सगळी त्याहून जड. पण या वस्तू आपल्या हिशेबातच नसतात.

माझंच सांगते. थोरल्या मुलीच्या वेळी माझं सिझर झालं. सासर जुन्या वाड्यात. न्हाणीघर मागच्या अंगाला, दोन पायऱ्या उतरून, आणि पाणी तापायचं बंबात. अकरावा दिवस होता. टाके वरून छान सुकले होते, मला बरं वाटत होतं. सासूबाई पहाटे चारपासून राबत होत्या, अळिवाची खीर, मेथीचे लाडू, बाळाची अंघोळ, धुरी. नुकत्या कुठे आडव्या झाल्या होत्या. त्यांना कशाला उठवू, म्हणून मी बंबाखाली बादली लावली. अर्धीच भरली, बरं का. एका हाताने उचलली आणि पायरी उतरले. टाक्याच्या उजव्या कोपऱ्यात आतून कुणीतरी चिमटा काढून धरल्यासारखं झालं. बादली टेकवली आणि तिथेच पायरीवर बसून राहिले. दुपारपर्यंत अंगावरून जाणं पुन्हा लालभडक झालं. सासूबाई रडायला लागल्या, 'मला हाक का नाही मारलीस गं?' त्यांचा काय दोष? मला तरी कुठे कळलं होतं? आणि मी तर याच विषयाचं शिक्षण घेतलेलं!

ते का झालं, तेवढं समजून घ्या. कातडी आठ-दहा दिवसांत मिटते. पण खाली चरबी, मग पोटाच्या स्नायूंवरचं घट्ट आवरण, मग आतला पडदा, मग गर्भाशय, एवढं सगळं उघडून पुन्हा मिटवलेलं असतं. स्नायू बहुधा कापत नाहीत, बाजूला सारतात. वजन उचलताना ताण येतो तो त्या घट्ट आवरणावर, आणि त्याची ताकद परत यायला काही महिने लागतात. वरचा टाका सुकला की घरात सगळ्यांना वाटतं, झाली बरी. सव्वा महिना संपला की ओटी भरली आणि बाई ओट्यापाशी उभी!

आपलं निम्मं घरकाम जमिनीलगतचं. पाटावर बसून भाजी चिरायची, वाकून केर काढायचा, उकिडवं बसून धुणं. मधे खोलगट झालेली बाज असेल तर तिच्यातून उठणं ही एक परीक्षाच. म्हणून सातव्या महिन्यातच घरच्यांनी बसून ठरवावं, बादली कोण उचलणार. बारशाची यादी करतो ना आपण? तशीच ही. नवऱ्याचं नाव सगळ्यात वर लिहा.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं राहिलीत. तेव्हा भराभर सांगते.

पडून राहू नका. डॉक्टरांनी परवानगी दिली की पहिल्या दिवसापासून आधार घेऊन चाला, नाहीतर पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. खोकताना, शिंकताना, हसताना टाक्यावर उशी दाबून धरा. पाणी भरपूर प्या. 'पाणी प्यायलीस तर पोट सुटेल' हे खरं नाही, उलट पाणी कमी पडलं तर शौचाला खडा होऊन कुंथावं लागतं. बंद खोलीत कोळशाची शेगडी नको, तिच्यातून निघणारा वायू आईला आणि बाळाला दोघांनाही घातक. चालणं रोज थोडं वाढवा, पण पोटाचे व्यायाम सहा आठवड्यांच्या तपासणीनंतरच, तेही ओटीपोट आत ओढून श्वास सोडण्यापासून. स्कूटर अचानक ब्रेक दाबताना दुखत नसेल तरच चालवा, आणि डबल स्टँडला तर लावूच नका. पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा २०१७ पासून कायद्यात आहे. आपल्याकडे धुणंभांडी करणाऱ्या ताईंपर्यंत ती पोचत नाही. त्यांना आपणच पगारी सुट्टी द्यायची. पुढच्या गरोदरपणात दोन वर्षांचं अंतर ठेवा.

ताप, टाक्यातून पू, घाण वास, तासाभरात पॅड भिजणं, एका पोटरीला सूज, धाप लागणं, यांतलं काही दिसलं तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.

आता ती सतरंजी इकडे घ्या. पुढच्या रांगेतल्या ताई, तुम्ही या. गुडघे दुमडा, कुशीवर वळा, पाय कडेला सोडा, आता हातांनी रेटून उठा. सरळ नाही, कुशीवरून. हां, अस्सं. आता कोण येतंय?