अंदमानला जायचं कधी?

(पडद्यावर बंगालच्या उपसागराचा उपग्रह-नकाशा. नैऋत्येकडून सरकत येणारे ढग.)

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास मराठी वर्तमानपत्रांत दरवर्षी एक बातमी येते : 'मान्सून अंदमानात दाखल.' ती वाचली की आपल्याकडे बोटं मोजायला सुरुवात होते. केरळात १ जून, मग तळकोकण, मुंबईत ११ जून. पेरणीची, बियाण्याची बोलणी सुरू होतात. चार महिने उन्हात तापलेल्या माणसांना तेवढ्या एका ओळीनंही बरं वाटतं.

त्याच आठवड्यात कितीतरी मराठी कुटुंबं बॅगा भरून त्याच अंदमानला निघालेली असतात. मुलांच्या सुट्ट्या आहेत, आजी-आजोबांना सेल्युलर जेल बघायचंय, तिकिटं तीन महिन्यांपूर्वीच काढून ठेवलीत. आणि आपल्याकडे पावसाला अजून तीन आठवडे आहेत म्हणजे तिथेही ऊनच असणार, असं सगळ्यांनी धरून ठेवलेलं असतं. तिथे पोहोचल्यावर कळतं, की ज्या पावसाची आपण घरी वाट बघत होतो, त्याच्याच स्वागताला आपण आलो आहोत. बोटी बंद, समुद्रकिनाऱ्यावर लाल बावटा, आणि हॉटेलच्या खिडकीतून दिसणारं करडं पाणी.

अशा सहलीत पैसे जातातच, पण मला जास्त वाईट वाटतं ते त्या आजोबांचं. आयुष्यभर मनात धरलेली एक यात्रा, आणि ती पुन्हा होणार नसते. म्हणून हा सगळा खटाटोप.

(नकाशा. उत्तरेकडून दक्षिणेकडे गेलेली बेटांची माळ.)

अंदमान-निकोबारमध्ये बेटं आणि खडक मिळून आठशेच्या वर आहेत. माणसं राहतात ती मोजक्या बेटांवर, आणि आपण जातो ती त्याहूनही मोजकी. पोर्ट ब्लेअर, ज्याचं नाव २०२४ पासून श्री विजयपुरम झालं. हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप, नील म्हणजे शहीद द्वीप. ही नावं २०१८ च्या डिसेंबरात बदलली. जेट्टीवर अजून दोन्ही नावं चालतात, त्यामुळे तिकीट काढताना गोंधळून जाऊ नका.

इथे थंडी नाही. जानेवारीतही पहाटेचा पारा बावीस-तेवीसच्या खाली सहसा उतरत नाही आणि एप्रिलमध्येही दुपारी बत्तीस-तेहेतीसच्या फार वर जात नाही. म्हणजे आपण सहल ठरवताना जो पहिला प्रश्न विचारतो, 'तिथे गरम होईल का, थंडी वाजेल का?', त्याला इथे फारसा अर्थ उरत नाही. बारा महिने दमट आणि बारा महिने उबदार. बदलतो तो वारा. वाऱ्याबरोबर समुद्र बदलतो, आणि अंदमानात तुम्ही काय बघणार, कुठे पोहोचणार, हे सगळं त्या समुद्रावर अवलंबून आहे.

वारे दोन. मेच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरअखेरपर्यंत नैऋत्येचा, आपलाच मान्सून. तो मागे फिरतो तोच ईशान्येचा वारा सुरू होतो आणि ऑक्टोबर, नोव्हेंबर, कधी डिसेंबरही भिजवून जातो. आपल्याकडे ऑक्टोबरात आकाश निरभ्र होतं. इथे त्या महिन्यात पाऊस फक्त दिशा बदलतो. वर्षभरात श्री विजयपुरमला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे कोकण किनाऱ्यावर पडतो त्याच्या जवळपास. कोकणात तो चार महिन्यांत पडून मोकळा होतो, इथे सात-आठ महिने पुरतो. कोरडे म्हणावेत असे महिने उरतात चार : जानेवारी ते एप्रिल. त्यातही फेब्रुवारी आणि मार्च सगळ्यांत कोरडे. अख्ख्या महिन्यात पावसाचे एक-दोन दिवस, बस.

(राधानगर किनारा, मार्चमधली दुपार. पाणी जवळजवळ स्थिर.)

हा स्वराज द्वीपवरचा राधानगर किनारा. स्थानिक लोक याला सात नंबर बीच म्हणतात. आत्ता जे दिसतंय ते चित्र मार्चचं आहे. जुलैत इथेच पुरुषभर उंचीच्या लाटा फुटत असतात आणि पाण्यात उतरायला मनाई असते. कारण सोपं आहे : राधानगर बेटाच्या पश्चिमेला आहे आणि नैऋत्येचा वारा थेट त्याच्या अंगावर येतो.

आता बेटाच्या दुसऱ्या बाजूला या. विजयनगर, काला पत्थर. हे पूर्वेचे किनारे. मधे दाट जंगलाची टेकाडं आहेत, ती वारा अडवतात. म्हणून पावसाळ्यातसुद्धा इथलं पाणी पश्चिमेपेक्षा बरंच शांत असतं. डिसेंबर-जानेवारीत हेच गणित उलटं होतं. ईशान्येचा वारा पूर्वेचं पाणी ढवळत राहतो आणि राधानगर मात्र तळ्यासारखं पडलेलं असतं. एवढंसं बेट, पण एकाच दिवशी त्याच्या दोन कुशींवर दोन ऋतू असू शकतात. हॉटेल बुक करताना 'समुद्रासमोर' एवढंच बघितलं जातं. कोणत्या बाजूच्या समुद्रासमोर, हे कुणी विचारत नाही. तो प्रश्न नक्की विचारा.

सरकारी वेळापत्रकालाही वाऱ्याचं हे भान आहे. वांडूरच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात प्रवाळ बघायला दोन बेटांवर नेतात, जॉली बॉय आणि रेड स्किन. कोरड्या महिन्यांत जॉली बॉय उघडं असतं, पावसाळ्यात ते बंद करून रेड स्किन उघडतात. जॉली बॉयचे प्रवाळ जास्त सुंदर आहेत असं बहुतेकांचं मत, माझंही. तेवढ्यासाठी जात असाल तर जायच्या आधी उद्यान कोणतं बेट दाखवतंय याची चौकशी करून घ्या. आणि प्लास्टिकच्या बाबतीत तिथे कडक तपासणी होते, ती होऊ द्या. वेफर्सचं पाकीट घेऊन हुज्जत घालणारी आपली माणसं बघितली की शरमल्यासारखं होतं.

(उधाणलेला समुद्र. जेट्टीला बांधून ठेवलेल्या बोटी.)

आता ज्या महिन्यांबद्दल सहसा कुणी सावध करत नाही, त्यांच्याबद्दल. ऑक्टोबर ते डिसेंबरचा पूर्वार्ध हा बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचा काळ. त्यातल्या बऱ्याच वादळांचा जन्म अंदमानच्या आसपासच होतो. इथे ती अजून लहान असतात, पण लहान वादळालाही बोटी बंद पाडायला वेळ लागत नाही. २०१६ च्या डिसेंबरमध्ये, अगदी पहिल्या पंधरवड्यात, हॅवलॉक आणि नीलवर हजाराहून अधिक पर्यटक अडकून पडले. फेऱ्या थांबल्या होत्या. शेवटी त्यांना आणायला नौदलाची जहाजं पाठवावी लागली. तेच वादळ पुढे 'वरदा' नावानं १२ डिसेंबरला चेन्नईवर जाऊन आदळलं. जाहिरातीत मात्र 'ऑक्टोबर ते मे हा उत्तम हंगाम' असं सरसकट छापलेलं असतं. दिवाळीच्या सुट्टीत सहली खपवायच्या असतात, म्हणून ऑक्टोबरपासून.

आणि इथेच आपली खरी अडचण आहे. आपल्या शाळांच्या मोठ्या सुट्ट्या दोन, दिवाळी आणि मे. दिवाळी पडते ईशान्येच्या पावसात आणि मेचा शेवट नैऋत्येच्या. मधले सोन्यासारखे फेब्रुवारी-मार्च दहावी-बारावीच्या परीक्षांत आणि शाळांच्या वार्षिक गडबडीत जातात. नाताळात सुट्टी मिळते, समुद्रही बऱ्यापैकी ठीक असतो, पण तेव्हा अख्खा देश तिथे लोटतो आणि खोल्यांचे भाव चढतात.

घरात शाळेत जाणारं मूल नसेल तर माझं सरळ सांगणं आहे : मार्चचा पहिला पंधरवडा. गर्दी ओसरलेली, पाणी सगळ्यांत स्वच्छ, बोटीत मळमळण्याची भीती सगळ्यांत कमी. गुडघे दुखणाऱ्या आई-बाबांना बोटीत चढवणं-उतरवणं ज्यांनी केलंय, त्यांना शांत समुद्राची किंमत वेगळी सांगायला नको. मुलं शाळेत असतील तर परीक्षा संपल्या संपल्या, एप्रिलमध्ये निघा. उकाडा असेल, घामाच्या धारा लागतील, पण समुद्र साथ देईल. फार तर मेचा पहिला आठवडा. त्यापुढे रेटू नका. दिवाळीतच जमणार असेल तर जा, पण रिकामे दोन दिवस हाताशी ठेवून जा.

एप्रिलबद्दल एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. वारा पडलेला आणि ऊन कडक, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये उथळ पाणी फार तापतं. पाणी बराच काळ जास्त तापलेलं राहिलं की प्रवाळ आपल्या अंगातली रंगीत शैवालं बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. २०१० च्या उन्हाळ्यात इथल्या प्रवाळांचा असा फार मोठा भाग पांढरा पडला होता. पाणी लवकर निवलं तर ते सावरतात, नाहीतर मरतात. तापलेल्या पाण्यात आधीच जीव मुठीत धरून असलेल्या त्या प्रवाळावर पाय देऊन उभं राहू नका. फोटोसाठी तर नाहीच नाही.

(रात्र. खारफुटीतून जाणारी वल्ह्याची होडी. वल्हं पाण्यात पडतं तिथे निळसर उजेड.)

महिना ठरला की आपण विमानाची तिकिटं बघायला लागतो. त्याआधी घरातलं कालनिर्णय उघडा आणि तिथी बघा.

हॅवलॉकच्या खाडीत रात्री होडीतून नेतात. पाण्यातले सूक्ष्म जीव हलवलं की चमकतात. बोटं पाण्यात फिरवली की मागे उजेडाची रेघ उठते. पौर्णिमेच्या आसपास गेलात तर चांदण्यात यातलं जवळजवळ काही दिसणार नाही. अमावास्येच्या अलीकडचे-पलीकडचे दिवस यासाठी हवेत.

नीलवर लक्ष्मणपूरला खडकाची एक नैसर्गिक कमान आहे. तिथपर्यंत चालत जायचं ते ओहोटीलाच, दगडांवरून, डबक्यांतून. आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटीही खूप मागे जाते. मग उघड्या पडलेल्या डबक्यांत समुद्रकाकड्या, खेकडे, रंगीत मासे, काय काय सापडतं. कोकणातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. त्याच नीलवर भरतपूरच्या किनाऱ्याला मात्र पुरेशी भरती हवी, नाहीतर काचेच्या तळाच्या होड्या चालत नाहीत. ज्यांना स्कूबा करायचंय त्यांनी अष्टमीच्या आसपासचे भांगाचे दिवस बघावेत, तेव्हा प्रवाह मंद असतो. सगळं एका सहलीत साधत नाही. आपल्याला काय जास्त हवंय ते ठरवून तिथी निवडायची.

घड्याळाचंही एक आहे. बेटं मुंबईपासून वीस अंश पूर्वेला आणि वेळ मात्र देशभर एकच. डिसेंबरच्या सुरुवातीला इथे पाचच्या आत सूर्य बुडतो. 'चहा पिऊन निघू सूर्यास्त बघायला' म्हणणारे राधानगरला अंधारात पोहोचतात. मार्चमध्ये साडेपाचपर्यंत उजेड असतो, म्हणजे रोज अर्धा तास जास्त. सकाळी मात्र लवकर उठायलाच हवं.

(डिगलीपूरजवळचा कालीपूर किनारा, पहाटे. वाळूवर कासविणीच्या परतीच्या खुणा.)

ज्यांना पुरेसे दिवस आहेत त्यांनी उत्तर अंदमानात डिगलीपूरपर्यंत जावं. कालीपूरच्या किनाऱ्यावर डिसेंबर ते मार्चच्या दरम्यान कासविणी अंडी घालायला येतात. मंडणगडजवळच्या वेळासला आपण ज्यांची पिल्लं समुद्रात जाताना बघतो, ती ऑलिव्ह रिडले इथेही येते, आणि तिच्याशिवाय आणखीही जाती. वाट लांबची आहे. प्रवासातच एकेक दिवस जातो. पण वेळासला जाऊन आलेल्या माणसाला इथे जे बघायला मिळेल ते दुसऱ्या कुणापेक्षा जास्त कळेल.

(सेल्युलर जेल. मधला मनोरा, आणि सातपैकी उरलेल्या तीन इमारती.)

मराठी माणूस अंदमानला येतो तो मुळात इथे. आणि या जागेला ऋतू लागत नाही. सावरकरांना घेऊन 'महाराजा' हे जहाज ४ जुलै १९११ ला या बंदरात आलं, म्हणजे ऐन पावसाळ्यात. थोरले बंधू बाबाराव आधीपासून इथेच जन्मठेप भोगत होते. फेब्रुवारीच्या लख्ख उन्हात हे आवार नीटनेटकं, जवळजवळ प्रसन्न दिसतं. २६ फेब्रुवारीला, सावरकरांच्या पुण्यतिथीच्या सुमारास, महाराष्ट्रातून गटच्या गट येतात आणि कोठडीसमोर रांग लागते. जुलैत या ओसरीवर उभं राहून गजांपलीकडचा पाऊस बघितला की दहा वर्षं या भिंतींत काढणं म्हणजे काय, याचा अंदाज थोडा जास्त येतो. म्हणून ज्यांना फक्त जेल बघायचंय, बेटं नकोत, त्यांना मी पावसाळ्यातही या म्हणेन. भाडी कमी, गर्दी कमी. संध्याकाळचा ध्वनी-प्रकाश कार्यक्रम उघड्यावर होतो, तो पावसानं बुडण्याची तयारी तेवढी ठेवा.

आणि कोणत्याही महिन्यात आलात तरी दिवसांचा क्रम असा लावा : विमानातून उतरलं की लवकरात लवकर हॅवलॉक आणि नील गाठायचं, जेल आणि शहर शेवटच्या दोन दिवसांवर ठेवायचं. बोट रद्द झाली तर ते दोन दिवस उपयोगी पडतात. परतीच्या विमानाच्या आदल्या रात्रीचा मुक्काम श्री विजयपुरममध्येच करा. सकाळच्या बोटीनं येऊन दुपारचं विमान पकडायचा बेत फेब्रुवारीतसुद्धा करू नका.