६८ एकर जमीन आणि एक रंगवलेला नकाशा

अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँड शहराच्या पूर्वेला, ईरी सरोवराच्या काठी वसलेल्या युक्लिड या गावात १९२२ साली बहुतेक जमीन शेतीची किंवा मोकळी होती. गावातल्या युक्लिड ॲव्हेन्यू या हमरस्त्यापासून मागच्या लोहमार्गापर्यंत ॲम्ब्लर रिअल्टी या कंपनीची ६८ एकर जमीन पसरली होती. क्लीव्हलँडचे कारखाने पूर्वेकडे सरकत आले की या जमिनीला मोठा भाव येईल, या हिशेबाने कंपनीने ती राखून ठेवली होती. मात्र १३ नोव्हेंबर १९२२ रोजी गावाच्या कौन्सिलने एक उपविधी संमत केला आणि साऱ्या गावाचे सहा प्रकारचे विभाग पाडले. पहिल्या विभागात फक्त एका कुटुंबाची घरे, दुसऱ्यात दोन कुटुंबांची, तिसऱ्यात अपार्टमेंट आणि शेवटच्यात कारखाने. ॲम्ब्लरच्या एकाच जमिनीवर यांतले तीन विभाग आले. कारखान्यांसाठी एकरी १०,००० डॉलर देणारी जमीन घरांसाठी विकायची झाली तर एकरी २,५०० डॉलरच मिळतील, असे सांगत कंपनी न्यायालयात गेली.

जमीन कोणाची, हा प्रश्न इथे नव्हताच. ज्याची जमीन त्याने तिचे काय करायचे, हे गाव आधीच नकाशावर रंगवून ठरवू शकते का, हा प्रश्न होता.

असे नकाशे रेखण्याची कल्पना युक्लिडने शोधलेली नव्हती. लॉस एंजेलिसने १९०८ मध्येच राहण्याचे आणि उद्योगांचे भाग वेगळे करायला सुरुवात केली होती. न्यूयॉर्कमध्ये १९१५ साली ब्रॉडवेवर इक्विटेबल बिल्डिंग उभी राहिली. जेमतेम एकरभर जागेवर सुमारे १२ लाख चौरस फुटांचे बांधकाम रस्त्याच्या कडेपासून सरळ वर गेले आणि शेजारच्या इमारतींवर तिची सावली पडली. आधीपासून चाललेल्या नियमनाच्या मागणीला त्यामुळे जोर आला. जुलै १९१६ मध्ये न्यूयॉर्कने संपूर्ण शहरासाठी झोनिंगचे, म्हणजे जमिनीच्या वापरानुसार विभाग पाडून बांधकामावर मर्यादा घालण्याचे, नियम लागू केले. ठरावीक उंचीनंतर इमारतीने मागे सरकायचे, म्हणजे रस्त्यावर ऊन आणि वारा येईल, अशी त्यांत तरतूद होती. त्या काळातील न्यूयॉर्कच्या अनेक इमारती पायऱ्या-पायऱ्यांनी निमुळत्या होत जातात, त्याचे कारण हेच.

ऊन आणि वारा यांसाठी केलेल्या नियमाशी कोणाचे भांडण असण्याचे कारण नाही. पण जमिनीचे नियम माणसांना बाजूला काढण्यासाठीही वापरले गेले, आणि ही गोष्ट झोनिंगच्या इतिहासातून वगळून चालणार नाही. सॅन फ्रान्सिस्कोने १८८० मध्ये लाकडी इमारतीत धुलाईचा धंदा करण्यासाठी परवान्याची अट घातली. कारण आगीच्या भीतीचे होते. परंतु परवाना मागणाऱ्या सुमारे २०० चिनी धोब्यांना तो नाकारण्यात आला आणि इतरांना, एखादा अपवाद सोडता, सहज मिळाला. सर्वोच्च न्यायालयाने १८८६ मध्ये हा भेदभाव घटनाबाह्य ठरवला. पुढे १९१० साली बाल्टिमोरने कोणत्या रस्त्यावर गोऱ्यांनी राहायचे आणि कोणत्या रस्त्यावर कृष्णवर्णीयांनी, हे उघडपणे कायद्यात लिहिले आणि दक्षिणेकडील इतर शहरांनी त्याचे अनुकरण केले. लुईव्हिल शहराचा असा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९१७ मध्ये रद्द केला. वंशाचे नाव घेऊन नकाशा रंगवायला त्यानंतर कायद्याचा आधार उरला नाही. घराचा प्रकार आणि भूखंडाचा आकार यांचे नाव घेऊन तो रंगवता येईल का, हे मात्र अजून ठरायचे होते.

युक्लिडचा खटला प्रथम संघीय जिल्हा न्यायालयाचे न्यायाधीश डेव्हिड वेस्टनहेव्हर यांच्यापुढे चालला. अशा नियमांतून अखेर लोकांची उत्पन्नानुसार आणि सांपत्तिक स्थितीनुसार विभागणी होते, असे त्यांनी १९२४ च्या निकालात स्पष्ट लिहिले आणि उपविधी रद्द केला. आमच्या मते या संपूर्ण इतिहासातील सर्वांत दूरदर्शी वाक्य हेच आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९२६ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी तो निकाल फिरवला. न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी लिहिले की, योग्य वस्तूही चुकीच्या जागी असेल तर ती उपद्रव ठरते, जसे आवाराऐवजी दिवाणखान्यात शिरलेले डुक्कर. हे कारखान्याबद्दल पटण्यासारखे आहे. परंतु त्याच निकालात, स्वतंत्र घरांच्या वस्तीत उभ्या राहणाऱ्या अपार्टमेंटला त्यांनी त्या वस्तीच्या मोकळेपणावर जगणारे बांडगूळ म्हटले. भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाचे घर असे उपद्रवाच्या रांगेत जाऊन बसले. हर्बर्ट हूवर यांच्या वाणिज्य खात्याने राज्यांसाठी नमुना कायदा आधीच तयार ठेवला होता. या निकालानंतर झोनिंग देशभर वेगाने पसरले आणि त्या पद्धतीला युक्लिडचेच नाव मिळाले. ॲम्ब्लरच्या त्या जमिनीवर पुढे, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, कारखाना उभा राहिला.

१९६८ च्या कायद्याने घरे विकताना आणि भाड्याने देताना वंशभेद करण्यास मनाई केली. तरीही भूखंड किमान इतका मोठा असावा, त्यावर एकच घर असावे, हे नियम कायम राहिले, आणि ज्यांना एवढी जमीन परवडत नव्हती त्यांना उपनगराबाहेर ठेवण्यास ते पुरेसे होते.

न्यू जर्सीतील माउंट लॉरेल या गावात कृष्णवर्णीय कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत होती. नव्या घरांच्या किमती वाढत गेल्या आणि त्यांच्या मुलांना गावात राहणे अशक्य होऊ लागले, तेव्हा तिथल्याच रहिवासी एथेल लॉरेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३६ सदनिकांची योजना मांडली. झोनिंगमुळे तिला परवानगी मिळाली नाही. प्रकरण न्यायालयात गेले, आणि १९७५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, आपल्या भागातील कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या लोकांच्या घरांचा योग्य वाटा गावाने आपल्या नियमांत सामावून घेतलाच पाहिजे. निकाल लागला, पण घरे झाली नाहीत. पुन्हा दावे, पुन्हा सुनावण्या, पुन्हा मंजुरीच्या फेऱ्या असे सुरू राहिले. एथेल लॉरेन्स १९९४ मध्ये वारल्या. त्यांच्या नावाने उभारलेल्या वसाहतीत पहिली कुटुंबे राहायला आली, तेव्हा २००० साल उजाडले होते.